जोडीची चाल

निवेदिताने कॉम्प्युटरचं झाकण काढून जमिनीवर ठेवलं होतं. आत हात घालून ती रॅमच्या दोन्ही पट्ट्या बाहेर काढत होती. बिंदुमाधवशास्त्री दारात येऊन उभे राहिले. दुर्गाघाटावरच्या त्या घरात बापलेक दोघंच, आणि लेक दिवसभर कानाला हेडफोन लावून व्हिडिओ एडिट करत बसे. हेडफोन उतरलेला दिसला, की शास्त्रीबुवा बोलायला येत.

"काय बिघडलं गं?"

"बिघडलं नाही, बाबा. जुन्या रॅमच्या जोडीला नवी टाकली, तरी मशीन धावेना." तिने पट्ट्या तळहातावर धरल्या. "स्पीड दोघींवर एकच लिहिलाय. पण हाक मारल्यावर ओ द्यायला कोण किती वेळ घेतं, ते वेगळं असतं. त्याला लेटन्सी म्हणतात. आणि जोडीने बसवल्या, की जी मंद असेल तिच्या चालीने दुसरीलाही चालावं लागतं."

शास्त्रीबुवांना हे फारच पटलं.

"म्हणजे मी आणि नीलकंठ!"

नीलकंठशास्त्री जाऊन महिना झाला होता. दोघांनी जन्मभर समोरासमोर बसून वेद म्हटले होते, एका सुरात, एका चालीत. मध्येच नीलकंठशास्त्री खाकरत. मग दोघं थांबत, श्वास घेत आणि पुन्हा सुरू करत. त्या खाकरण्याची बिंदुमाधवांनी घाटभर थट्टा केली होती. उद्या अमृतराव घाटावर त्यांना पहिल्यांदाच एकट्याने म्हणायचं होतं.

"त्याला दम पुरत नसे. मीच आपला सांभाळून घ्यायचो," ते म्हणाले. "उद्या बघ. आता माझ्या चालीने म्हणेन."

हे त्यांनी इतक्या मोठ्याने सांगितलं, की निवेदिताने मान वर केली. महिनाभर समोरचं रिकामं आसन पाहून त्यांच्या तोंडून एक ऋचा फुटली नव्हती, हे तिला ठाऊक होतं.

"जुनीच ओढून धरत असणार," शास्त्रीबुवा म्हणाले.

"मलाही तेच वाटतंय."

तिने आधी नवी पट्टी एकटी बसवून तपासली. मग ती काढून जुनी बसवली. स्क्रीनवर आकडे आले तशी ती पुढे वाकली.

"अरे यार, ये तो उल्टा निकला! बाबा, जुनी एकदम तेज आहे. नवीच उशिरा ओ देते. बिचारी जुनी उगाच हिच्यासाठी रेंगाळत होती."

शास्त्रीबुवा हसले. मग त्यांचं हसू मावळलं. "असं होय," एवढंच म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

नीलकंठशास्त्रींचं आसन अजून तिथंच होतं. त्याच्यासमोर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. अगदी स्वतःच्या चालीने. कोणासाठी थांबायचं नव्हतं. शब्द भराभर सुटत गेले, आवाज चढला, बाहेर निवेदितानेही हातातलं काम थांबवलं.

आणि एका जागी त्यांचा दम संपला.

त्यांनी डोळे उघडले. जागा ओळखीची होती. नीलकंठ नेमका इथेच खाकरत असे.