चढाची तयारी

"दमलात, बाबा?" चढावरून परत खाली पळत येऊन लेक विचारायची.

सायकलवर पुढे राहून तिला पळवायचं काम तिच्या आईचं. लेक जिल्ह्याच्या धावण्याच्या संघात जावी ही इच्छाही आईचीच. ती वारल्यावर तिच्याच लेडीज सायकलवर मी माझं पोट घेऊन निघालो. चढ आला की उतरून सायकल ढकलायचो. कुत्रीसुद्धा मला मागे टाकायची.

निवडीच्या शर्यतीत लेक चढावरच सगळ्यांच्या पुढे गेली. संघात आली.

संघाच्या सरांनी तिला विचारलं, "चढाची एवढी तयारी कुणी करून घेतली?"

"बाबांनी. त्यांना बघायला रोज खाली येऊन पुन्हा चढावं लागायचं."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी येताना म्हणालो, "वरच थांबायचंस की."

"वरून तुम्ही दिसत नाही," ती म्हणाली.