टोपलीतली चिठ्ठी

कात्री फरशीवर खणकन पडली, तशी बेत्ता झोपेत कुशीवर वळली. ओर्सोलाने श्वास रोखून धरला. पोर पुन्हा शांत झाली.

कात्री उचलायला वाकतानाही ओर्सोलाने हातातला कागद सोडला नाही. तिच्या शिवणाच्या टोपलीत दियामान्तेचा हिरवा झगा होता, बाही उसवली म्हणून आलेला. त्याच्या घडीत ही चिठ्ठी निघाली होती.

'बुधवारी जेवणं झाली, की सगळं फेरारा शहर झोपतं. तेव्हा रंगमंचाच्या पडद्यामागे ये. तोंडावर ओढणी घे. मी मेसेर बाल्दोच्या वेशात असेन. सगळे तुझ्याकडे न बघता पुढे जातात. मी मात्र तुझ्याकडेच बघत असतो.'

अक्षर तादेओचं होतं. तिच्या नवऱ्याचं. अख्ख्या नाटकमंडळीत लिहिता येणारा तो एकटाच. कोणत्या प्रवेशात कोण आत, कोण बाहेर, ते लिहून पडद्यामागे टांगायचं काम त्याचंच. ओर्सोलालाही वाचायला त्यानेच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यात, एका पांघरुणात बसून. आणि मेसेर बाल्दो, नाटकातला तो कुबड काढलेला खडूस म्हातारा, तोही तादेओच करायचा.

हल्ली तो खिडकीशी बसून काहीतरी लिहायचा. ती जवळ गेली की कोपर आडवं यायचं.

"काय लिहितोस?"

"काही नाही गं. कामाचं."

असलं काम होय.

संध्याकाळी दियामान्ते झगा न्यायला आली. मंडळीतली नायिका ती. दार ढकलतानाही प्रेक्षक समोर असल्यासारखी आत यायची.

"झाला का? की बाहीबरोबर मलाही शिवून टाकतेस?"

"बुधवारी दुपारी काय करतेस?" ओर्सोलाने दाताने दोरा तोडत विचारलं.

"झोपते. नाटकात त्या मार्सिलिओशी रोज दोन तास प्रेम करायचं म्हणजे थकवा येतो बाई. रंगमंचावर नुसता मध गळतो, तोही पढवलेला. खाली उतरला की मीठ मागायला शब्द नाही मेल्याकडे. का गं?"

"सहज."

"तुझं सहज मला माहीत आहे," दियामान्ते हसली आणि झगा खांद्यावर टाकून निघून गेली.

ते हसणं ओर्सोलाला आवडलं नाही. पण चिठ्ठी आता झग्यात नव्हती. ती ओर्सोलाच्या कमरेच्या बटव्यात होती.

बुधवारी जेवताना ती म्हणाली, "मी दोरा आणायला जातेय. बेत्ताजवळ थांबशील?"

"थांबतो की." तादेओ पावाच्या तुकड्याने वाडगं पुसत होता. "या उन्हात मी कुठे जाणार? पण या वेळेला दुकान उघडं असतं?"

"एक असतं."

दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. निदान तिला तरी तसं वाटलं.

सराईच्या मागच्या अंगणात रंगमंच उभारला होता. पडद्यामागे गरम कापडाचा वास कोंडला होता. ओर्सोला ओढणी हनुवटीपर्यंत ओढून उभी राहिली. तो येऊ नये, असं तिला फार वाटत होतं. आला, तर पोरीला घरी एकटी टाकून आलेला असणार.

फळ्या करकरल्या. काळा झगा, पाठीला कुबड, अर्ध्या चेहऱ्यावर वाकड्या नाकाचा चामडी मुखवटा. मेसेर बाल्दो आला होता.

तिने ओढणी मागे फेकली. "दियामान्ते नाही. मी आहे."

बाल्दो दचकला नाही. "तुझीच वाट बघत होतो," तो म्हणाला. तोच घोगरा, चिरका आवाज. फेराराची पोरंसोरं गल्लीत ज्याची नक्कल करत, तो. "त्या टोपलीत हात कुणाचा जातो? दियामान्तेचा?"

चिठ्ठी ओर्सोलासाठीच होती. टोपली तिचीच होती.

"सात वर्षं झाली लग्नाला," ती सावकाश म्हणाली. "एवढं सांगायला चिठ्ठी लागली तुला? घरात बोलता येत नव्हतं?"

त्याने पाठीवरचं कुबड सावरलं.

"घरात जमत नाही," बाल्दो म्हणाला.

"आणि बेत्ता?"

त्याने मुखवटा नीट बसवला. "झोपलीय."

तिने मुखवट्याच्या नाडीला हात घातला. त्याने मनगट धरलं. खरंच की, रंगमंचावर मुखवटा काढायचा नाही, आतल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, हा मंडळीचा नेम होता, आणि तादेओ तर त्या बाबतीत भलताच कडवा. तिला हसू आलं. मग ते वाकडं नाक चुकवून तिने त्याच्या ओठांवर ओठ टेकले. त्याने तिला असं धरलं, जणू इतकी वर्षं धरायचं राहून गेलं होतं.

"आधी तू जा," तो म्हणाला.

ती मुद्दाम नदीकाठच्या लांबच्या रस्त्याने गेली. बिचाऱ्याला पळत घरी पोचायला वेळ नको का.

पोचला होताच. तादेओ खाटेवर उताणा घोरत होता आणि त्याच्या पोटावर बसून बेत्ता त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या मोजत होती. ओर्सोला दाराला टेकून बघत राहिली. चिठ्ठी सापडल्यापासूनचं ओझं छातीवरून उतरलं होतं.

"पुरे आता," ती हळूच म्हणाली. "घरात सोंग नको."

"सोंग नाही," बेत्ता कुजबुजली. "तू गेलीस ना, लगेच झोपला. मी त्याला गोष्ट सांगितली."

"हो का गं? आणि मुखवटा कुठे लपवलाय बाबाने?"

"लपवला नाही काही. मार्सिलिओकाका सकाळीच घेऊन गेला. झगापण. चिठ्ठीपण बाबानेच लिहून दिली त्याला." बेत्ताने आईचं बोट धरून तिला जवळ ओढलं. "आई, तो कुणाला भेटायला गेला होता गं?"