टेस्टरचा दिवा

शेवंतीवहिनींच्या अंगणात ताडपत्री ताणताना दत्तारामच्या आडवी एक बारीक काळी वायर आली. आयुष्यभर वायरमनकी केलेला माणूस. सवयीनं त्यानं साल सोलून टेस्टर टेकवला. दिवा लागला नाही. "मेलेली दिसते," म्हणत त्यानं पक्कडीनं ती तोडली.

घरातून एकच हंबरडा उठला.

दत्ताराम धडपडत आत गेला. टीव्हीसमोर अख्खी वाडी दाटलेली, आणि पडदा काळाठिक्कर. वहिनींचा मुलगा संदेश मस्कतला अपघातात गेला होता. मयत इथं आणणं जमलं नव्हतं. तिकडचे मित्र चितेजवळून शेवटचं दर्शन दाखवत होते. मोबाइलला वाडीत रेंज नव्हती. इंटरनेटची होती ती एवढी एकच वायर.

"तिच्यात करंट नव्हता गो!" दत्ताराम कसाबसा म्हणाला.

"काका, ती काचेची तार. तिच्यात करंट नसतोच," संदेशची बहीण हुंदके देत बोलली. "तिच्यातून उजेड धावतो. त्या उजेडावरच दादा इथवर येत होता."

दत्तारामच्या हातातला टेस्टर गळून पडला.

वहिनींनी पडद्यावरची नजर हलवली नाही. "भावोजी," त्या म्हणाल्या, "तोंडावरचं कापड बाजूला सारतच होते हो."