पेशंटचं नाव

धाडच्या जत्रेत भल्याभल्यांना चीत करणारा तुळशीराम पहिलवान बायकोला घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात आला. एवढ्या उकाड्यातही त्याने डोळ्यांपर्यंत रुमाल गुंडाळला होता.

"हिचे सांधे लय ठणकते, डाक्टरसाहेब. उन्हात गेली का गाल लालबुंद होते. सकायी लंगो... लुगड्याची गाठ बी मारता येत नाही हिले."

 कोणाला काही सांगायचं नाही, अशी शपथच त्याने बायकोला, सोजराबाईला, एसटीत घातली होती.

"ल्यूपस वाटतोय," डॉक्टर म्हणाले. "हा बहुतेक बायकांनाच होतो."

"तेच तं म्हनतो मी," पहिलवान खुलला.

"पुरुषांना क्वचित होतो, पण झाला तर जास्त छळतो. लाजेपायी ते दाखवायला येत नाहीत, अन् तोवर तो मूत्रपिंडं धरतो."

सोजराबाई झटकन पुढे सरकली. पण शपथ तर मोडायची नव्हती.

डॉक्टरांनी पेन उचललं. "रक्त तपासू. पेशंटचं नाव सांगा, बाई."

सोजराबाईने पदर ओठात धरला आणि लाजून नवऱ्याकडे पाहिलं.

"अवं माय, त्यायचं नाव मी कसं घेऊ?"