कादंबरीतली माय

सुपातले तांदूळ सळकन वर गेले, खाली आले. दुपारच्या शांततेत तेवढाच आवाज. रुचिताने वहीतून मान वर केली. माय ओसरीत पाखडत बसली होती. पाच वर्षांची हर्षा आजीच्या पुढ्यात खडे वेचत होती.

वही गावातल्या, कोंढ्याच्या बुद्धविहारातली. तिथल्या वाचनालयाचा एक नेमच होता. पुस्तक परत करताना त्यावर एक पान लिहायचं आणि रविवारी वंदना झाली की सगळ्यांसमोर वाचायचं. आता वाचनालयाला पंचवीस वर्षं होणार होती. जुनी पानं पुन्हा वाचायची ठरली, म्हणून वाचनालय सांभाळणाऱ्या वासुदेवरावांनी सकाळीच वही आणून दिली.

"तुहं पान वाच बापा. लय टाळ्या पडल्या होत्या तवा!"

पान रुचिताच्या सतराव्या वर्षीचं होतं. कादंबरी जुनी, गाजलेली, एका खेड्यातल्या पोराच्या मोठं होण्याची. सराव म्हणून रुचिता मोठ्याने वाचू लागली. "या कादंबरीतली माय मला आवडली नाही. मुलगा शिकायला निघतो, तर ती रडत मोटारीमागे धावते. तो उतरतो आणि त्याचं वर्ष बुडतं. पोराला मोठं करायचं असेल, तर मायने त्या दिवशी मोटारीजवळ येऊच नये."

वाचता वाचता तिला स्वतःचंच हसू आलं. हर्षाला पहिल्यांदा शाळेत सोडलं, तेव्हा फाटकाबाहेर तासभर उभी राहणारी ती हीच. आज तिने असं लिहिलं नसतं. ती बाई निदान धावली तरी.

स्वतःची माय तर आलीच नव्हती. हे पान विहारात वाचलं, त्याच पावसाळ्यात रुचिता नर्सिंगसाठी नागपूरला निघाली. स्टँडवर अर्धी वस्ती जमली. शेजारच्या मालनबाईने डबा दिला. माय मात्र रोवण्याला गेली होती, लोकांच्या बांधीत धान लावायला. बस सुटेपर्यंत रुचिता त्या वाटेकडे बघत होती. बारा वर्षं तिने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आज तोंडून निघालंच.

"माय, मी नागपूरले गेली त्या दिवशी तू स्टँडवर काहून नाही आली?"

सूप थांबलं.

"तूच त सांगतलं होतं."

"मी? कवा?"

"विहारात. आता वाचलं न, तेच. सारे टाळ्या वाजवून राहिले होते. म्याबी वाजवल्या." मायने सुपातली एक काडी उचलून बाजूला टाकली. "मले त अक्षर येत नाही. शिकलेल्या पोरीनं लिहिलं, त बराबरच असन म्हटलं. अन् मी आली असती त रडलीच असती वं. तू उतरली असती गाडीतून."

रुचिताच्या मांडीवरची वही तशीच उघडी राहिली.  माय उठली, गुडघ्यावर हात टेकत, आणि तांदूळ घेऊन आत गेली.

हर्षाने मुठीतले खडे अंगणात भिरकावले. आईच्या गुडघ्याला येऊन टेकली.

"आई, स्टँडवर नाही आली, त मग आजी रडली कुठी?"