देवळीतल्या कुबड्या

गरम झऱ्यांच्या त्या जर्मन गावाबाहेर, द्राक्षमळ्याच्या वाटेवर मारियामातेची देवळी आहे. झऱ्यात डुंबून बरे झालेले पाहुणे आपल्या कुबड्या तिथे टांगून जातात. भिंत अगदी भरून गेली आहे. आज लुडगर कुंपणाला धरत धरत आला आणि त्यातली एक जोडी काढू लागला.

"अहो, चोरी करताय? तीही मातेसमोर?" झाडलोट करणारी वाल्ट्राउट ओरडली.

"माझ्याच आहेत, बाई. वसंतात मीच टांगल्या होत्या. पाय पुन्हा गेला."

"मग न्या की." तिनेच जोडी काढून दिली.

कुबड्या काखेत घेऊन लुडगरने भिंतीकडे पाहिलं. "एवढे लोक तरी कायमचे बरे झाले म्हणायचे."

"कसले बरे! जगले असते, तर तेही न्यायला आले असते."