टेम्पोवरचा फ्लेक्स

सकाळी पुढारी ओमप्रकाशभाऊंनी टेम्पोला फ्लेक्स बांधून जवळा बाजार गावात मोर्चा काढला. परदेशी तेलावरचा कर वाढवा, सोयाबीनचा भाव वाचवा. तांड्यावरच्या देवलाने घोषणा देऊन घसा बसवून घेतला. शेवटी सोयाबीनच्या गंजीवर झाकायला त्याने तो फ्लेक्स मागितला.

“आत्ता न्हाई. दुपारी काम हाय त्याचं,” भाऊ म्हणाले.

दुपारी देवलाची बायको पारुबाई भाऊंच्याच दुसऱ्या मोर्चाला गेली. परदेशी तेलावरचा कर काढा, तेल स्वस्त करा.

संध्याकाळी घरात जुंपली.

“तेल महाग करायला गेल्ते व्हय? फोडणी काय पाण्याची देऊ?”

“अन् सोयाबीन मातीमोल गेल्यावर तेल आणशील कशानं?”

तेवढ्यात आभाळ गडगडलं. भांडण तिथंच टाकून दोघं गंजीकडे पळाले. मोर्चा संपल्यावर भाऊंनी दिलेला फ्लेक्स पारुबाईने उलगडला, आणि वाऱ्याने तो उलटा झाला.



मागच्या बाजूला देवलाची सकाळची घोषणा होती. हात जोडून हसणारे भाऊ मात्र दोन्हीकडे सारखेच होते.